वाट तोंडीच सांगा: ‘मॉरोविंड’ घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेथेस्डा गेम स्टुडिओज,
रॉकव्हिल, मेरिलँड, अमेरिका.

सप्रेम नमस्कार.

मी जुन्नरचा. शिवनेरी किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव. तुमचा ‘मॉरोविंड’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ जिथं सुरू होतो, त्या सेडा नीन गावाच्या धक्क्यावर मी आजवर इतक्या वेळा उतरलो आहे, की माझ्याही गावाचं नाव एकदा तुमच्या कानावर घालावंसं वाटलं.

पत्राचं निमित्त साधं आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी तुम्ही त्याच मालिकेतला २००६ सालचा ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात आणलात. तेव्हापासून आम्ही जुने खेळाडू भेटलो की एकच विषय निघतो: आता ‘मॉरोविंड’ कधी? मीही त्याची वाट बघतो आहे, आणि मनात धाकधूकही आहे. तो खेळ उद्या पुन्हा उभा राहिला तर त्यातून एक गोष्ट हरवू नये, एवढ्यासाठी हे पत्र. ती गोष्ट कोणती हे सांगायला मला वीस वर्षं मागं जावं लागेल.

२००४ च्या दिवाळीत माझा आतेभाऊ अमेरिकेहून आला. येताना त्यानं दादासाठी एक खोकं आणलं. त्यात सीडी होत्या, पुस्तिका होती आणि घडी घातलेला एक मोठा कागदी नकाशा होता. खेळ जिथं घडतो ते व्हार्डनफेल बेट, मधोमध लाल पर्वत. दादा तेव्हा डिप्लोमाला होता आणि मी आठवीत. घरात कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं, तोही दादाच्या अभ्यासाच्या नावावर. तुमच्या खोक्यावर पाचशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि एक जीबी मोकळी जागा लागेल असं लिहिलं होतं. जागा करायला दादानं त्याची दोन वर्षांची गाणी पुसली. आमचं ग्राफिक्स कार्ड स्वस्तातलं होतं. ज्या पाण्याच्या लाटांचं तेव्हा सगळीकडे कौतुक होत होतं, त्या लाटा आम्हाला कधी दिसल्याच नाहीत. आमचं पाणी सपाट, निळसर आणि गढूळ होतं. मला अजूनही तेच खरं वाटतं.

खेळ सुरू होतो तेव्हा जहाजाच्या तळघरात एक माणूस तुम्हाला उठवतो. एक डोळा गेलेला, जिउब त्याचं नाव. उठ, आपण पोचलो, तू थरथरतोयस का, असं तो विचारतो. मी मराठी शाळेतला, पाचवीपासून इंग्रजी. थरथरणे या अर्थाचा तो ‘शेक’ शब्द मला फक्त हस्तांदोलनापुरता ठाऊक होता. मी दादाला म्हटलं, हा आपल्याशी हात मिळवायला सांगतोय. दादानं शब्दकोश काढला. त्या संध्याकाळपासून तो शब्दकोश कीबोर्डच्या शेजारीच राहिला.

याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुमच्या त्या खेळात बोलणं ऐकू फार कमी येतं. माणसं दोन शब्द तोंडानं बोलतात आणि उरलेलं सगळं लिहून येतं. ओळीच्या ओळी, मधेमधे निळ्या अक्षरांतले शब्द. त्यावर क्लिक केलं की त्या विषयावरचं नवं पान. ज्यांची ती भाषा होती त्यांना हे कंटाळवाणं वाटलं असेल कदाचित. आम्हाला ते वरदान होतं. बोललेलं इंग्रजी आमच्या कानावरून वाऱ्यासारखं निघून जायचं. लिहिलेलं थांबायचं. आमचा शब्द सापडेपर्यंत ते पडद्यावर तसंच उभं राहायचं.

मग एक गंमत लक्षात आली. निम्मे शब्द शब्दकोशात सापडतच नव्हते. ‘फोयाडा’ नाही. ‘ग्वार’ नाही. ‘क्वामा’ नाही. ‘अंडी’ सापडलं, ‘खाण’ सापडलं, पण अंड्यांची खाण म्हणजे काय ते काही केल्या कळेना. तिथं खरोखरच जमिनीखाली किड्यांची अंडी असतात आणि खाणकामगार ती काढतात, हे त्या काळोख्या बोगद्यात उतरल्यावरच समजलं. दादानं नियम केला: शब्दकोशात असेल तर इंग्रजी, नसेल तर मॉरोविंडचा. आमचा शब्दकोश छोटा होता, त्यामुळे कितीतरी खरे इंग्रजी शब्द मी अकरावीपर्यंत व्हार्डनफेलचे समजत होतो.

त्या बेटावरचे लोक आम्हाला ‘आउटलँडर’ म्हणायचे. बाहेरचा. परका. दुकानदार म्हणायचा, पहारेकरी म्हणायचे, भांडण झालं की ‘न्वाह’ अशी शिवी हासडायचे, तिचाही अर्थ जवळपास तोच. ‘परका’ हा शब्द आम्ही वहीत पहिल्या पानावर लिहिला होता. पुढं शहरात शिकायला गेल्यावर, माझं इंग्रजी ऐकून वर्गातली मुलं एकमेकांकडे बघायची तेव्हा मला सेडा नीन आठवायचं. कारण तिथं बोस्टनचा मुलगाही परका होता आणि जुन्नरचाही. फोयाडा म्हणजे काय हे त्यालाही कुणाला तरी विचारावं लागत होतं. इंग्रजीच्या एका गोष्टीत मी कुणाच्या मागं नव्हतो, अशी ती माझ्या लहानपणातली एकच जागा. ती तुम्ही मला दिलीत. केन रोल्स्टन, मायकेल कर्कब्राइड आणि तुमच्या त्या वेळच्या सगळ्या मंडळींनी. तुम्हाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून सांगतो आहे.

आता वाटेविषयी.

पहिलं मोठं काम होतं बाल्मोरा गावी जाऊन केयस कोसाडेस नावाच्या माणसाला एक पाकीट देण्याचं. सिल्ट स्ट्रायडरनं जा, असं सेडा नीनमध्ये सांगितलं. तो प्राणी पहिल्यांदा पाहिला ती संध्याकाळ मी विसरणार नाही. झाडाएवढा उंच किडा, काटकुळे पाय, कवच कोरून केलेली बसायची जागा आणि दुरून ऐकू येणारं ते लांबलचक हंबरणं. तिथल्या माणसाला विचारलं, कुठं कुठं जातो? बाल्मोरा, नीसिस, सुरान, विवेक. बाकी कुठं जायचं तर बाल्मोराला उतरून बदला. आम्हाला हे समजावून सांगावं लागलं नाही. जुन्नरच्या एस.टी. स्टँडवर आम्ही तेच करत मोठे झालो होतो. नाशिकला जायचं तर नारायणगावला बदला.

बाल्मोराहून पुढचं काम आर्कन्थँडचं. ड्वेमर नावाच्या, पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या जमातीचं ते उद्ध्वस्त ठिकाण. तिथून एक लहानशी चौकोनी डबी आणायची. सांगणारा नकाशावर बोट ठेवत नाही. तो बोलतो. गावाच्या दक्षिणेला बाहेर पड. ओडाई नदीवरचा पूल ओलांड. मूनमॉथच्या लष्करी ठाण्याकडे वळ. पुढं ड्वेमरांचा जुना पूल लागेल, खाली खोल फोयाडा. पूल ओलांडलास की डोंगरात चढ.

दादानं हे सगळं शंभर पानी वहीत उतरवून घेतलं. डावीकडं त्याचं इंग्रजी, उजवीकडं माझं मराठी. लिहून घ्यायला कारण होतं. २००५ साल होतं ते. भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी वीज जायची ती कधी दोन तासांनी यायची, कधी चार. वीज गेली की आम्ही कंदिलाजवळ तो कागदी नकाशा पसरायचो, वही उघडायचो आणि उद्या कुठून कुठं जायचं ते ठरवायचो.

आजी तिथंच बसलेली असायची. तिनं त्या पडद्याकडे कधी धड पाहिलं नाही, डोळे दुखतात म्हणायची. पण अंधारात वही वाचली की ऐकायची. आणि वाटेचं काही निघालं की तिला राहवायचं नाही. ती तरुणपणी कित्येकदा पायी पंढरपूरला गेली होती. वाट ही गोष्ट तिला कळत होती. दादा वाचायचा, पूल ओलांडला की डोंगरात चढ. ती म्हणायची, “कंच्या अंगानं चढ? डाव्या का उजव्या? ह्ये नाय सांगितलं त्यानं?” आम्ही पुन्हा वाचायचो, तर खरंच सांगितलेलं नसायचं. मग म्हणायची, “मंग दोन्ही बघा. पण चुकला तर रानात भरकटू नगा. जितनं चुकलात तिथं माघारी या अन् तितनं पुन्यांदा निघा.” आम्ही तसंच केलं. पुलापर्यंत मागं आलो, पुन्हा निघालो आणि आर्कन्थँडचं ते गोल दार सापडलं. दार उघडेना. शेजारी एका वाकड्या नळावर लोखंडी दांडा होता, तो फिरवायचा हे कळायला आम्हाला एक दिवस लागला. आणि ती चौकोनी डबी आत एका फळीवर सापडायला आणखी चार दिवस. ज्यानं ती डबी तिथं ठेवली त्याला मी तेव्हा खूप बोललो होतो. आज त्याला भेटलो तर त्याचे हात हातात घेईन.

रोज रात्री जेवताना आजीचा प्रश्न ठरलेला: “आज कुटवर गेलात?” आणि आम्ही सांगायचो. आल्डरून गावात मोठ्या खेकड्याच्या कवचात वाडे बांधलेत, हे तिला फार आवडलं होतं. टेल्वानी घराण्याचे जादूगार भूछत्रांच्या मनोऱ्यात राहतात आणि तिथं जिनाच नाही, ज्याला हवेत उडता येतं त्यानंच वर यावं, हे ऐकून ती म्हणाली होती, “म्हंजी गरिबानं येऊच नये.” त्या घराण्याविषयी मी पुढं जे जे काही वाचलं, ते सगळं या एका वाक्यात बसतं.

आणि तो देव. तुम्ही त्याचं नाव विवेक ठेवलंत. आमच्या भाषेत विवेक म्हणजे बरं-वाईट ओळखण्याची बुद्धी, आणि आमच्याकडे घरोघर एखादा विवेक असतोच. आजीला मी म्हटलं, तिथं विवेक नावाचा देव आहे, जिवंत, महालात राहतो, त्याच्या नावाचं शहर आहे, आणि त्या शहरावर आकाशातून पडणारा एक अख्खा डोंगर त्यानं अधांतरी धरून ठेवलाय. तिला ते लगेच पटलं. आमच्या कृष्णानंही डोंगर धरला होता. पण पुढं आम्ही तिथली पुस्तकं वाचू लागलो. एक पुस्तक सांगायचं की या विवेकानं आणि बाकी दोघांनी आपल्या मित्राचा, नेरेवारचा, खून करून देवपण मिळवलं. दुसरं सांगायचं की नेरेवार लढाईतल्या जखमांनी गेला. देवळातले लोक एक म्हणायचे, राखेच्या रानातले तांड्यावाले दुसरं. खरं काय ते खेळानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी चिडलो होतो. आजी मुळीच चिडली नाही. ओव्या गाणाऱ्या बायकांत प्रत्येकीची सीता वेगळी असते, हे ती जन्मभर ऐकत आली होती.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येतो.

मार्च महिना असावा. आम्ही राखेच्या रानात उर्शिलाकू तांड्यापर्यंत पोचलो होतो. निबानी मेसा नावाची तिथली जाणती म्हातारी, भविष्य सांगणारी. आम्ही तिच्या तंबूत गेलो तेव्हा हातात तलवार उपसलेली होती, ती म्यान करायची राहिली होती. मला बोलायचं होतं, माझं बोट माऊसच्या चुकीच्या बटणावर पडलं. वार बसला. म्हातारी उलटली. मी घाबरलो आणि वार करतच राहिलो. ती मेली.

पडद्यावर एक चौकट आली. चार ओळी. त्यातले निम्मे शब्द आम्हाला येत नव्हते. अशा चौकटी यायच्याच, म्हणून दादानं ती बंद केली. आम्ही तंबूतून पळालो, लांब जाऊन झोपलो. झोपलं की तुमचा खेळ आपोआप जतन व्हायचा. वर दादानं नेहमीप्रमाणे स्वतःही जतन केला, आमच्या एकुलत्या एका जागेवर. आणखी जागा ठेवायच्या असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मला त्यातले तीन शब्द आठवत होते. ते शोधले. एकाचा अर्थ भविष्यवाणी. एकाचा अर्थ तोडलेला. तिसऱ्याचा अर्थ, ज्याचा नाश अटळ आहे असा. मग आम्ही मुद्दाम एका नव्या खेळात दुसऱ्या कुणाला तरी मारून ती चौकट पुन्हा आणली आणि शब्दन्‌शब्द उतरवून घेतली. या पात्राच्या मृत्यूनं भविष्यवाणीचा धागा तुटला आहे. नशिबाची वीण पुन्हा सांधायची असेल तर जुना जतन केलेला खेळ उघडा, नाहीतर तुम्ही घडवलेल्या या नाश ठरलेल्या जगात राहा.

आम्हाला वेळेवर सांगितलं गेलं होतं. ते आम्हाला वाचता आलं नव्हतं.

मी त्या दिवशी रडलो. आजीला कळलं तेव्हा तिनं विचारलं, “म्हातारीला मारलंस?” चुकून, असं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. पुढचे तीन दिवस तिनं ‘आज कुटवर गेलात’ विचारलं नाही. मला माझ्या आयुष्यात फार कमी शिक्षा इतक्या लागल्या आहेत.

तरी आम्ही त्या जगात राहिलो. नवा खेळ सुरू करायला दादा तयार होता, मी तयार नव्हतो. मी म्हटलं, आपणच केलंय ना, मग इथंच राहू. दोन महिने राहिलो. सूर्य उगवत होता, राखेची वादळं येत होती, बाल्मोरात दुकानं उघडत होती. आम्ही जादूगारांच्या संघात चढत गेलो, सेडा नीनजवळच्या गुहेत बेड्या घालून ठेवलेल्या गुलामांना किल्ली शोधून सोडवलं, अडीअडचणीत सापडलेल्या कितीतरी लोकांची कामं केली. तीन दिवसांनी आजीनंही पुन्हा विचारायला सुरुवात केली. गुलाम सोडवल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, “बरं क्येलं.” तेवढ्यानं मला हलकं वाटलं.

खूप वर्षांनी मला कळलं की त्या जगातूनही एक वाट होती. टेल फिर मनोऱ्याच्या तळघरात रोगानं फुगलेला, लोखंडी पायांवर चालणारा याग्रम बागार्न बसलेला असतो, ड्वेमरांपैकी उरलेला शेवटचा. भविष्यवाणी तुटली, तरी तो हाताशी असेल आणि तुमची तयारी असेल, तर दगोथ उर या शेवटच्या शत्रूपर्यंत जाता येतं. तिथं वाट दाखवणारा बाण नाही, पाटी नाही. पण तुम्ही ती वाट ठेवली होती. आमच्या हातून झालेल्या चुकीचा विचार आमच्या कितीतरी आधी कुणीतरी मेरिलँडमध्ये बसून केला होता. हे वाचलं त्या रात्री मी दादाला फोन केला होता. तो पुण्यात होता, झोपला होता. ऐकून बराच वेळ काही बोलला नाही.

मे महिन्यात आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तंबूत शिरण्याआधी तलवार म्यान. म्हातारीशी नीट बोललो. पुढं एक कोडं येतं: सुईचं नेढं वाऱ्याच्या दातांत आहे, गुहेचं तोंड मोत्याच्या कातडीत आहे. आजीला कोड्यांचा भारी नाद. तिनं तासाभरात सांगितलं, दात म्हणजे सुळके असणार, डोंगराचे दात. ती बरोबर होती. त्या गुहेचं दार फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला उघडतं. आम्ही दारापाशी पहाटेची वाट बघत उभे राहिलो, आणि खरंच वीज जाण्याआधी पहाट व्हावी म्हणून मी मनात देवाचा धावा करत होतो.

त्याच पावसाळ्यात शाळेची सहल नाणेघाटात गेली. सातवाहनांच्या काळातला तो व्यापारी रस्ता, वर जकातीचा दगडी रांजण, गुहेत नागणिका राणीचा ब्राह्मी लेख. घाटाची वाट काळ्या खडकाच्या अरुंद नळीतून खाली कोकणात उतरते, दोन्ही बाजूंना कडे. मी त्या नळीत उभा राहिलो आणि तोंडून निघून गेलं, “फोयाडा!” गुरुजींनी विचारलं, काय म्हणालास? मी सांगितलं, ज्वालामुखीच्या रसानं कोरलेली घळ. ते म्हणाले, ही नळी पाण्यानं कोरली, पण खडक मात्र तोच, हा सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मी जन्मापासून लाल पर्वताच्या राखेत राहत होतो आणि मला ते व्हार्डनफेलमध्ये जाऊन यावं लागलं तेव्हा दिसलं.

आजी २०११ च्या उन्हाळ्यात गेली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला तुमचा ‘स्कायरिम’ आला. मी तो घेतला, तीनशेहून जास्त तास खेळलो. बर्फ पडायचा तेव्हा खरंच थंडी वाजायची. मी तो खेळ मनापासून जपला आहे, त्याला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. पण एके रात्री जेवताना, सवयीनं, आज आपण कुठवर गेलो ते मनात सांगून बघितलं. सांगता येईना. बाण दिसला, बाणामागं गेलो, पोचलो. कुठल्या पुलावरून, कुठल्या नदीकाठानं, कुणी सांगितलं म्हणून, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. बाण बंद करून पाहिला. तेव्हा लक्षात आलं की माणसांनी वाट सांगितलेलीच नाही. ‘अमक्याला शोध’ एवढंच लिहिलेलं. बाण आहे हे धरूनच ते शब्द लिहिले गेले होते, त्यामुळे बाण काढला की हाती काही उरत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. ‘मॉरोविंड’ पुन्हा उभा करा किंवा २०१८ मध्ये जाहीर केलेला मालिकेचा सहावा भाग पुरा करा, वाट माणसांच्या तोंडी ठेवा. ज्यांना बाण हवा त्यांना तो द्या, दमून घरी येऊन अर्धा तास खेळणाऱ्या माणसाला मी काय म्हणून अडवू? पण शब्द आधी लिहा. असे लिहा की वीज गेल्यावर अंधारात कुणी वाचून दाखवले, तर कधीच न खेळलेल्या म्हातारीलाही त्या वाटेनं चालता यावं, आणि ‘कंच्या अंगानं चढ’ असं विचारता यावं. तुमचा खेळ आमच्या घरात कॉम्प्युटरच्या बाहेर आला तो या शब्दांच्या आधारानं. नाहीतर तो दोन पोरांचा नाद होऊन राहिला असता.

सगळं बोलकं करण्याच्या भरात लिहिलेलं कमी करू नका, हेही त्यातच आलं. आवाजाला खर्च येतो, म्हणून वाक्यं छाटली जातात, हे मी समजू शकतो. पण दर वाक्याला आवाज हवाच असं आम्ही कधी म्हणालो नव्हतो. हळू वाचणारी मुलं अजून आहेत.

आणि दुसरं, भाषेचं. तुमचे खेळ जर्मन, फ्रेंच, पोलिश, रशियन भाषांत निघाले. आमच्या एकाही भाषेत निघाले नाहीत. जुन्या ‘मॉरोविंड’च्या अक्षरांत तर देवनागरीला जागाच नव्हती. तुम्ही मराठीत खेळ काढा असं मी म्हणत नाही, तो हिशेब तुमचा आहे. मी म्हणतो, देवनागरी नीट उमटेल एवढी सोय ठेवा, आणि मजकूर असा ठेवा की आम्हाला तो बदलता येईल. बाकीचं काम लोक करतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? २००२ मध्ये तुम्ही खेळाबरोबर कन्स्ट्रक्शन सेट दिलात, ज्या अवजारानं तुम्ही ते बेट रचलं तेच अवजार. त्याच्या जोरावर ‘टॅमरिएल रिबिल्ट’ची स्वयंसेवक मंडळी दोन दशकांहून जास्त काळ व्हार्डनफेलपलीकडची मुख्य भूमी एकेक गाव करून बांधताहेत. ‘ओपनएमडब्ल्यू’वाल्यांनी खेळाचं सगळं इंजिनच नव्यानं लिहून काढलं. कुणी त्यांना पगार देत नाही. तिकडंही माणसं वाट तोंडीच सांगतात.

मी माझ्यापुरतं काम सुरू केलं आहे. ती शंभर पानी वही दादाकडे होती, यंदा मी मागून आणली. कव्हर गेलं आहे, मधल्या पानांवर कंदिलाच्या रॉकेलचा डाग आहे. उजव्या बाजूचं मराठी आता वाचवत नाही, एका आठवीतल्या मुलाचं आहे. ते मी नव्यानं लिहितो आहे. आर्कन्थँडची वाट परवा पूर्ण झाली:

“गावाच्या दक्षिण अंगानं निघ. ओडाईवरचा पूल उतरलास की मूनमॉथच्या ठाण्याकडं वळ. ठाणं मागं पडलं की ड्वेमरांचा जुना पूल लागंल, खाली घळ हाय, वाकून बघू नको. पूल सरला की डोंगर. दोन्ही अंगांनी चढून बघ. चुकलास तर पुलावर माघारी ये अन् तितनं पुन्यांदा निघ.”

शेवटची दोन वाक्यं तुमच्या मजकुरात नाहीत. ती तेवढी राहू द्यावीत, ही विनंती.

आपला,
जुन्नरचा एक आउटलँडर